शाश्वतता फायद्याची कधी ठरते?

कंपन्यांच्या शाश्वततेवरच्या सादरीकरणात एक वाक्य हमखास असतं: नव्वद टक्के अभ्यास सांगतात की पर्यावरण, समाज आणि कारभार यांची काळजी घेणाऱ्या कंपन्या जास्त नफा कमावतात. या वाक्याचं मूळ २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात आहे. गुन्नार फ्रीडे, टिमो बुश आणि अलेक्झांडर बासेन यांनी सुमारे २,२०० अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. त्यांचा निष्कर्ष असा होता की सुमारे ९० टक्के अभ्यासांत हा संबंध ‘नकारात्मक नाही’. या खान्यात ‘काहीच संबंध दिसला नाही’ आणि ‘निकाल संमिश्र’ हेही बसतं. स्पष्ट सकारात्मक संबंध दाखवणारे अभ्यास मोजणीच्या पद्धतीनुसार निम्म्याच्या आसपास ते साठ टक्क्यांच्या थोडे वर भरले. हेही काही कमी नाही. पण पहिला आकडा ऐकून प्रकल्पाला मंजुरी देणाऱ्या संचालकाला पुढे दुसरा आकडा कळला, की तो तिसऱ्यावर विश्वास ठेवत नाही. चांगल्या कामाचं असं नुकसान मला अक्षम्य वाटतं.

शाश्वतता आणि नफा यांचं नातं आहे, पण ते गुरुत्वाकर्षणासारखं सगळीकडे सारखं नाही. खर्च कोणत्या मुद्द्यावर केला, त्याचा हिशेब किती वर्षांचा धरला आणि नुकसानीचं बिल कायद्याने कोणाच्या नावावर फाडलं, या तीन गोष्टींवर ते ठरतं. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे आणि चर्चा सर्वांत कमी तिचीच होते.

आधी मोजमापाचा घोळ पाहू. नेहमीच्या अभ्यासात एका बाजूला शाश्वततेचे गुण आणि दुसऱ्या बाजूला मालमत्तेवरचा परतावा किंवा शेअरचं बाजारमूल्य ठेवतात आणि दोन्ही बरोबर वाढतात का ते पाहतात. वाढले, तरी कोणामुळे कोण वाढलं हे त्यातून कळत नाही. सँड्रा वॅडॉक आणि सॅम्युअल ग्रेव्हज यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं की ज्यांच्या हातात पैसा खुळखुळतो त्या कंपन्या सामाजिक कामावर जास्त खर्च करतात. म्हणजे बाण उलट दिशेनेही जातो. २००० मध्ये अ‍ॅबगेल मॅकविल्यम्स आणि डोनाल्ड सीगल यांनी दुसरी चूक दाखवली. संशोधनावर भरपूर खर्च करणाऱ्या कंपन्या नफ्यातही पुढे असतात आणि सामाजिक जबाबदारीतही. समीकरणात संशोधनाचा खर्च घातला की जबाबदारीचा नफ्यावर दिसणारा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला.

यातून वाट काढणारा एक चांगला प्रयत्न कॅरोलीन फ्लॅमर यांचा, २०१५ चा. भागधारकांच्या सभेत सामाजिक जबाबदारीचे जे ठराव अगदी थोड्या मतांनी मंजूर झाले आणि जे तितक्याच थोड्या मतांनी पडले, त्यांची तुलना त्यांनी केली. अशा अटीतटीच्या मतदानात दोन्ही गटांतल्या कंपन्या इतर बाबतींत जवळपास सारख्याच असतात, त्यामुळे फरक पडला तर तो ठरावामुळेच पडला असं म्हणता येतं. मंजूर झालेल्या गटात शेअरचं मूल्य आणि पुढची नफ्याची कामगिरी दोन्ही सुधारली. हा पुरावा भक्कम आहे, फक्त त्याची मर्यादा विसरू नये. तो त्या अटीतटीच्या ठरावांबद्दल बोलतो. कंपनीने मनात आणलेल्या प्रत्येक हरित योजनेला त्याचा दाखला देता येत नाही.

गुणांकनाची गोष्ट याहून वाईट. फ्लोरियन बर्ग, ज्युलियन कोल्बेल आणि रॉबर्टो रिगोबॉन यांनी सहा संस्थांची ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार) गुणांकनं शेजारी ठेवली, तेव्हा त्यांच्यातला सहसंबंध सरासरी ०.५४ निघाला (१ म्हणजे पूर्ण मेळ). कर्जफेडीची पत ठरवणाऱ्या संस्थांमध्ये हाच आकडा ०.९ च्या वर असतो. मतभेदाचं निम्म्याहून जास्त कारण मोजण्याच्या रीतीत होतं. कामगारांशी वागणूक कशी आहे हे एक संस्था नोकरी सोडणाऱ्यांच्या प्रमाणावरून ठरवते, दुसरी दाखल झालेल्या खटल्यांवरून. बरेचदा ‘धोरण आहे का?’ या चौकटीत खूण केली की गुण मिळतात, धोरण पाळलं का हे कोणी पाहत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन एका नामांकित शाश्वतता निर्देशांकात वाहन उद्योगातली अग्रणी कंपनी ठरली होती. त्याच महिन्यात डिझेल गाड्यांच्या धूर-चाचणीतली लबाडी उघड झाली. चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होतं आणि कंपनीला आजवर ३० अब्ज युरोंहून अधिक भुर्दंड पडला आहे. गुणपत्रिका कागदाची होती, धूर गाडीचा होता.

म्हणून एकूण गुण बाजूला ठेवून मुद्द्यांकडे वळावं लागतं. सिमेंट कारखान्याला इंधन आणि भट्टी महत्त्वाची, बँकेला कर्ज कोणाला दिलं ते, औषध कंपनीला गुणवत्ता आणि चाचण्यांतला प्रामाणिकपणा. मोझफ्फर खान, जॉर्ज सेराफाइम आणि आरोन यून यांच्या २०१६ च्या अभ्यासाचं म्हणणं असं, की आपल्या उद्योगाच्या कळीच्या मुद्द्यांवर चांगलं काम करणाऱ्या आणि बिनकळीच्या मुद्द्यांवर शक्ती न दवडणाऱ्या कंपन्या शेअर बाजारात पुढे राहिल्या. पुढे २०२२ मध्ये लुका बर्चिची आणि अँड्र्यू किंग यांनी त्याच आकडेवारीवर गणिताच्या इतर वाजवी मांडण्या करून पाहिल्या, तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. तरी कळीचा मुद्दा ओळखण्याची शिस्त सोडू नये. बँकेने कागदी कपांवर मोहीम चालवायची आणि कर्जाचं खातं तसंच ठेवायचं, हे चूक आहे हे समजायला आकडेशास्त्र लागत नाही.

पैसा प्रत्यक्षात कुठे सापडतो ते जवळून पाहण्यासाठी एक अगदी साधी जागा घेऊ: कारखान्यातली दाबाखालची हवा. ७ बार दाबाच्या पाइपला ३ मिलिमीटर व्यासाचं एक भोक असेल, तर तिथून सेकंदाला साधारण ११ लिटर हवा निसटते. मिनिटाला एक घनमीटर हवा दाबायला ६ ते ७ किलोवॉट लागतात, या हिशेबाने ते एक भोक सुमारे ४ किलोवॉट खातं. वर्षाला ८,००० तास प्लांट चालला तर ३२,००० युनिट झाली. अशी भोकं होजच्या क्लॅम्पवर, क्विक कपलिंगमध्ये, आट्यांच्या जोडांत, फिल्टरच्या ड्रेन व्हॉल्व्हमध्ये असतात आणि मशीनच्या आवाजात ऐकू येत नाहीत. देखभाल ढिली असेल तिथे दाबलेल्या हवेतली २० ते ३० टक्के हवा गळतीत जाणं हे नित्याचं आहे.

ती मोजायला महागडं उपकरणही लागत नाही. प्लांट बंद असताना सगळ्या मशीन थांबवायच्या, फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि घड्याळ लावून तो किती वेळ लोडवर (हवा दाबत) आणि किती वेळ अनलोडवर (हवा न दाबता नुसता फिरत) राहतो ते आठ-दहा फेऱ्या लिहून काढायचं. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, ही गळती. दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड आलं, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा कोणाच्याही उपयोगी न पडता जात होती.

आता इथे काय बिघडतं ते पाहण्यासारखं आहे. मेंटेनन्सची माणसं महिनाभर खपून गळत्या बुजवतात आणि पुढच्या महिन्याचं वीजबिल अपेक्षेच्या निम्म्यानेही उतरत नाही. ठरावीक वेगाचा स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर असतानाही पूर्ण भाराच्या पाव ते एक तृतीयांश वीज घेत राहतो. त्यात गळती थांबल्यामुळे लाइनमधला दाब वाढतो आणि उरलेली भोकं आणि उघड्या नळ्या जास्त हवा पितात. गळती बुजवल्यावर दाबाची सेटिंग खाली आणायची असते. १ बार कमी केला की ६ ते ७ टक्के वीज वाचते. दोन कॉम्प्रेसर चालत असतील तर एक पूर्ण बंद करायचा असतो. हे दोन टप्पे राहून गेले, की वित्त विभाग शेरा मारतो: बचत दिसत नाही. सहा महिन्यांनी नव्या गळत्या होतात, तोवर योजना गुंडाळलेली असते. कंपनीच्या नोंदीत ‘शाश्वतता परवडली नाही’ असं एक उदाहरण जमा होतं. खरं तर अर्धवट झालेलं काम परवडलं नव्हतं.

अशी कामं मुळात मंजूरच का होत नाहीत, याचं उत्तर हिशेबाच्या एका सवयीत आहे. बहुतेक ठिकाणी ऊर्जाबचतीच्या प्रकल्पाला ‘दोन वर्षांत पैसे वसूल’ अशी अट असते. समजा १०० गुंतवले, दरसाल ३० वाचतात आणि यंत्रणा दहा वर्षं चालते. वसुलीला तीन वर्षं चार महिने लागतात, म्हणून प्रस्ताव नापास. पण भांडवलाचा खर्च दरसाल १२ टक्के धरून दहा वर्षांच्या बचतीचं आजचं मूल्य काढलं तर ते १६९.५ येतं, गुंतवणूक वजा जाता ६९.५ शिल्लक. परतावा दरसाल २७ टक्क्यांच्या वर. दहा वर्षं टिकणाऱ्या यंत्रणेला दोन वर्षांची अट लावणं म्हणजे दरसाल ४९ टक्के परतावा मागणं. हीच कंपनी नवा कारखाना मात्र १५ टक्क्यांवर उभारते. दोन प्रकल्पांना दोन तराजू लावायचे आणि मग हरित खर्च महाग पडतो म्हणायचं, हे बरोबर नाही. त्यात वीजबिल भरतो प्लांट, भांडवल मंजूर करतं मुख्यालय आणि मोटर विकत घेतो खरेदी विभाग, ज्याची शाबासकी खरेदीच्या किमतीवर ठरते. सतत चालणाऱ्या मोटरच्या आयुष्यभराच्या खर्चात विजेचा वाटा ९० टक्क्यांहून जास्त असतो, पण तो वाटा खरेदी विभागाच्या कागदावर येतच नाही. मायक्रोसॉफ्टने २०१२ पासून आपल्या विभागांवर उत्सर्जनाचं अंतर्गत शुल्क लावलं, ते अशी फट बुजवण्यासाठी: ज्याच्या निर्णयाने उत्सर्जन होतं, त्याच्याच बजेटमधून पैसे गेले पाहिजेत.

काळाची बाब धोक्यांच्या बाबतीत फार गंभीर होते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियात पीजी अँड ई या वीज कंपनीच्या पारेषण वाहिनीवरचा सुमारे शंभर वर्षं जुना, झिजून पातळ झालेला लोखंडी हुक तुटला, जिवंत तार मनोऱ्याला लागली आणि ठिणग्या खालच्या वाळल्या झुडपांत पडल्या. त्या आगीत ८५ माणसं गेली, पॅराडाइज हे गाव जवळजवळ पूर्ण जळालं. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०२० मध्ये ८४ मृत्यूंबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. आता त्याआधीच्या वर्षांचे ताळेबंद डोळ्यांसमोर आणा. न बदललेला प्रत्येक हुक त्या प्रत्येक वर्षी नफा म्हणून दिसत होता. त्या काळातला कोणताही अभ्यास घेतला असता, तर देखभालीवर कमी खर्च आणि बरी कमाई असाच संबंध मिळाला असता. क्वचित घडणारं, पण घडलं की कंपनीला बुडवणारं नुकसान वार्षिक आकड्यांच्या सरासरीत दिसत नाही. शाश्वततेचा एक मोठा हिस्सा विम्याच्या हप्त्यासारखा असतो. वर्ष सुखरूप गेलं म्हणून हप्ता वाया गेला असं कोणी म्हणत नाही.

स्वस्त भांडवलाचा फायदा मात्र वाजवीपेक्षा जास्त फुगवून सांगितला जातो. शाश्वततेच्या उद्दिष्टाशी जोडलेल्या रोख्यात कंपनीने उद्दिष्ट चुकवलं तर व्याजदर वाढतो. इटलीच्या एनेल या वीज कंपनीने २०१९ मध्ये असे रोखे पहिल्यांदा काढले. उद्दिष्ट हुकलं तर वाढ पाव टक्का. पुढच्या एका उद्दिष्टात २०२३ अखेर दर युनिटमागे १४८ ग्रॅम उत्सर्जनाची मर्यादा होती, प्रत्यक्षात ते १६० वर राहिलं आणि वाढीव व्याज लागू झालं. आता वजन करून पाहा. एखाद्या कंपनीवर १,००० चं कर्ज आणि १५० चा कार्यचालन नफा असेल, तर सगळ्या कर्जावर पाव टक्का म्हणजे अडीच. जनरेटर बदलायचा की नाही हा निर्णय अडीचावर फिरत नाही. शिवाय उद्दिष्ट हुकलं तर जास्त व्याज रोखेधारकालाच मिळतं. अपयशावर कमाई होणारा माणूस चांगला पहारेकरी कसा होणार, हे मला आजवर पटलेलं नाही.

शेअरचा परतावा आणि कंपनीचा नफा यांचीही गल्लत होते. गुंतवणूकदारांना हरित कंपन्या आवडू लागल्या की त्यांचे भाव चढतात, कंपनीला भांडवल स्वस्त मिळतं, पण चढ्या भावाने घेणाऱ्याच्या वाट्याला पुढचा परतावा कमीच येतो. हॅरिसन हाँग आणि मार्सिन काकपेर्चिक यांनी २००९ मध्ये तंबाखू, दारू आणि जुगार कंपन्यांच्या शेअरवर जास्त परतावा मिळत असल्याचं दाखवलं, ते याच तर्काचं दुसरं टोक. ‘जगाचं भलं आणि जास्त परतावा’ असं म्हणून फंड विकणारा या दोनांतला एक तरी दावा पुन्हा तपासून घ्यायला हवा.

आता तिसरी गोष्ट, नियमांची. युरोपची उत्सर्जन-परवान्यांची बाजारपेठ २००५ मध्ये सुरू झाली: जितके टन कार्बन वायू सोडायचे, तितके परवाने कंपनीकडे हवेत. पहिल्या टप्प्यात परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेले आणि २००७ मध्ये त्यांची किंमत शून्याजवळ आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तीच किंमत टनाला १०० युरोंच्या वर गेली. एकच वीजकेंद्र, तोच कोळसा, तोच धूर. २००७ मध्ये उत्सर्जन कमी करणं हा निव्वळ खर्च होता, २०२३ मध्ये न करणं हा खर्च झाला. शाश्वतता आणि नफा यांच्यातला संबंध या वीजकेंद्रासाठी किती, असा प्रश्न विचारला तर उत्तर वर्षागणिक वेगळं येईल, आणि फरक पडला तो परवान्यांच्या संख्येमुळे. ती संख्या सरकार ठरवतं.

ओझोनची कहाणीही हीच. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या सीएफसी वायूंची सर्वांत मोठी उत्पादक असलेल्या ड्यूपाँटने सुरुवातीला निर्बंधांना विरोध केला. या वायूंवर मर्यादा घालणारा १९८७ चा माँट्रिअल करार झाला आणि १९८८ मध्ये कंपनीने हे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवण्याची घोषणा केली. पर्यायी वायू तिच्याकडे होते, पण जुना स्वस्त वायू कायदेशीर असेपर्यंत महाग पर्याय कोण घेणार? करारामुळे बाजार तयार झाला, आणि चांगलं वागणं परवडू लागलं. ‘सगळी शाश्वतता आपोआप फायद्याची असते’ हे वाक्य म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. ते खरं असतं तर कायद्याची गरजच उरली नसती, आणि नेमका हाच अर्थ त्यातून काढला जातो.

कंपनीने करायचं काय? माझ्या मते खर्चाची तीन खाती वेगळी काढावीत. पहिल्यात स्वतःचे पैसे स्वतः फेडणारी कामं: गळत्या, मोटरी, वाफेच्या पाइपचं इन्सुलेशन, टाकाऊ मालाचं प्रमाण. यांना इतर गुंतवणुकीचाच तराजू लावावा आणि काम झाल्यावर वर्षभर मीटर वाचून बचत तपासावी. दुसऱ्यात विम्यासारखी कामं: जुने हुक, खाणीतले गाळाचे बांध, रसायनांच्या टाक्या. यांची वसुली विचारायची नाही. काय बिघडू शकतं, बिघडलं तर किती माणसं आणि किती पैसा जाईल, हे लिहून संचालक मंडळाने त्यावर सही करायची. तिसऱ्या खात्यात आजच्या नियमांत न परवडणारी, तरी योग्य असलेली कामं. पुरवठा साखळीच्या शेवटच्या टोकाला जगण्यापुरती मजुरी देणं यात येतं. हे ‘फायद्याचं आहे’ असं भागधारकांना सांगू नये. इतका खर्च आहे, या कारणासाठी करतो आहोत, आणि स्पर्धकही करू लागले तर तो निम्म्यावर येईल, असं सरळ सांगावं. ही तीन खाती एकत्र करून एक गुलाबी बेरीज दाखवली, की पहिल्या मंदीत तिन्ही एकदम कापली जातात, दुसरं खातंसुद्धा.

आणि तिसऱ्या खात्यातली कामं पहिल्यात आणायची तर नियम बदलावे लागतात. म्हणून कंपनीची खरी ओळख तिच्या शाश्वतता अहवालापेक्षा नियम ठरताना ती काय बोलते यातून होते. अहवालात निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन असतं, आणि ज्या उद्योगसंघटनेची वर्गणी कंपनी भरते ती संघटना उत्सर्जनावरच्या कराच्या मसुद्यावर हरकत नोंदवते. दोन्हींचा खर्च एकाच खात्यातून जातो. वार्षिक सभेत भागधारकाला हे विचारता येतं: आपण कोणकोणत्या संघटनांचे सदस्य आहोत, प्रत्येकीला किती वर्गणी दिली, त्यांनी या वर्षी कोणत्या मसुद्यांवर काय म्हणणं मांडलं आणि त्यातलं कोणतं आपल्या संमतीने? उत्तर लेखी मागावं, आणि पुढच्या वर्षी ते सोबत घेऊन जावं.